नको म्हणाल्या

भवानीनगरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आईनं माझं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं करून मनगट मापायची तिची सवय होती. बोटं एकमेकांना टेकली की माणूस वाळला, असं तिचं साधं गणित. कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक वळत होत्या आणि हवेत मळीचा वास होता. माझा थोरला भाऊ, दादा, ट्रंक धरून उभा होता. त्याची नवी नवरी, आमची वहिनी, पदर सावरत मागं थांबली होती. आई म्हणाली, "परत येशील तवा ही बोटं टेकाय न्हाय पायजेत." गाडी आली, मी चढलो. तिथून पुणे, मुंबई आणि मग विमानानं इंग्लंड. जीवरसायन शिकायला म्हणून गेलो आणि तिथलाच झालो.

हे मी घरातल्या पोरांसाठी लिहितो आहे. जी गावात राहिली त्यांच्यासाठी, आणि जी पुण्याला, दुबईला, अमेरिकेला गेली त्यांच्यासाठीही. आजी कशी गेली याची एक गोष्ट तुम्ही सगळे ऐकत आला आहात. वहिनीनं सासूला खायला घातलं नाही, आजारपणात उपाशी मारलं, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. अठरा वर्षं हे दोघांनाच ठाऊक होतं, वहिनीला आणि मला. वहिनी बोलली नाही. मला बोलता येत होतं, तरी मी बोललो नाही.

इंग्लंडमध्ये मी एका लॅबमध्ये नोकरी केली. काम उंदरांवर. त्यांना गाठी येत, आम्ही त्यांचा आहार बदलून बघत असू, मोजत असू, आलेख काढत असू. गावात मात्र 'कॅन्सरवर औषध शोधतोय' अशी बातमी पोचली होती. सुट्टीवर आलो की लोक एक्स-रे घेऊन दारात. एकदा एकानं म्हैस गाभण राहत नाही म्हणून सल्ला विचारला, आणि मी तोही दिला. आता हसू येतं. पण घर सोडून लांब गेलेल्याचा शब्द घरात कसा फुगत जातो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी जितका कमी दिसायचो, तितका जास्त मानला जायचो.

वहिनी तोवर गावच्या अंगणवाडीची सेविका झाली होती. पोरांचं वजन करायची आणि लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची पट्टी त्यांच्या दंडाला गुंडाळून कोण वाळलंय ते बघायची. पट्टी लाल रंगावर थांबली की ते लेकरू तिचं. दिवसातून चार वेळा घरी जाऊन त्याच्या आईच्या पुढ्यात बसून भरवायची. ती पट्टी पहिल्यांदा बघितली तेव्हा आई म्हणाली होती, "आन् माझी बोटं काय वाईट हायती?"

आईनं चाळीस वर्षं तंबाखूची मिश्री लावली. गालाच्या आत जखम झाली, भरेना, आणि पुण्याच्या दवाखान्यात ती कॅन्सरची निघाली. लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वहिनीला समोर बसवून सगळं समजावलं. त्यांचं एक संशोधन चालू होतं: ज्यांचं वजन टिकतं त्या रुग्णांना उपचार कसे झेपतात, याचं. त्यांनी वहिनीला एक वही दिली. काय दिलं, किती खाल्लं, आणि राहिलं तर का राहिलं, असे तीन रकाने. नाचणीची खीर, अंडी, दूध, दाण्याचं कूट, तूप. दर दोन तासांनी थोडं थोडं. वहिनीला हे काम नवं नव्हतं.

मी दर रविवारी फोन करायचो, आपल्याकडे दुपार असताना. तेव्हा फोनवर माणूस दिसत नसे.

"भाऊजी, आत्या आता बऱ्या खात्यात," वहिनी म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "खिरीत काकवी घातली की वाटी पुसून घेत्यात."

"काकवी? गोड बंद करा, वहिनी. साखर त्या गाठीलाच पोसते. दूध, तूप, अंडीही थांबवा. भाज्यांचा रस द्या, मुगाचं पाणी द्या."

"पण दवाखान्यातल्या बाई तर..."

"त्या पुस्तकातलं सांगतात. मी रोज डोळ्यांनी बघतो."

ती म्हणाली, "भाऊजी, मी काय तुमच्यावानी शिकल्याली न्हाय. पन वाळल्यालं लेकरू आन् आजारी म्हातारं, दोघांचं सारखंच असतंय. आधी अंगावर मांस धराय पायजे. मंग औषध लागू पडतंय."

मी हसलो. ते हसू मला अजून ऐकू येतं. "वहिनी, ही अंगणवाडी नाही," मी म्हणालो. "गाठ मरणार हे नक्की."

"बरं. मंग वहीत काय लिवू? का सोडलं म्हणून रकाना हाय."

"नको म्हणाल्या, असं लिहा."

मी असं का सांगितलं, तेही लिहितो. माझं नाव त्या वहीत गेलं असतं, तर त्या बाईंनी फोन केला असता, आणि मला कुणाशी वाद नको होता. उंदरांचा एक आकडा चुकीचा लिहिला म्हणून मी सहकाऱ्याला झापलेलं आहे. आईच्या आकड्यांबद्दल मला काही वाटलं नाही.

पाच आठवडे वहिनी वहीत 'नको म्हणाल्या' लिहीत राहिली. आई नको म्हणत नव्हती. ती मागत होती. एकदा फोनवर मलाच म्हणाली, "बाळा, तोंड लई कडू झालंय रं. जराशी काकवी घेतली तर काय हुईल?"

"थोडे दिवस, आई."

"बरं," ती म्हणाली. आईनं आयुष्यात कुणाचं असं निमूट ऐकलेलं मला आठवत नाही. माझं ऐकलं.

वजन उतरत गेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आल्याशिवाय पुढचे लाईट देता येणार नाहीत. ते पुढचे लाईट कधी दिले गेलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा तिच्या हातात चार दिवस उरले होते. मी तिचं मनगट धरलं. माझा अंगठा मधल्या बोटावरून सरकत दुसऱ्या पेरापर्यंत गेला. मग तिनं माझं मनगट धरायचा प्रयत्न केला. "टेकत न्हायत," असं काहीसं पुटपुटली आणि समाधानानं डोळे मिटले.

नीट खाल्लं असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण उपचार पुरे झाले असते, आणि ती भुकेली गेली नसती. पिंजऱ्यातल्या उंदरावरून आजारी म्हातारीबद्दल काहीही ठरवता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. कुणी विचारत नव्हतं म्हणून मी स्वतःला विचारलं नाही.

दहाव्याला बायका सोप्यात बसल्या होत्या. माझी थोरली बहीण, सुप्याला दिलेली अक्का, हंबरडा फोडून म्हणाली, "गावची लेकरं पोसती, आन् माझ्या आयला उपाशी मारली हिनं! अंड्याचा ट्रे भरल्याला हाय घरात!" सगळ्या माना वहिनीकडं वळल्या. मी दारात उभा होतो. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, एकदाच. मी पाहुण्यांच्या चहाचं बघायला बाहेर गेलो.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अक्कानं त्या घरचं पाणी सोडलं. काही आयांनी पोरं अंगणवाडीत पाठवायचं थांबवलं. "सासूला घातलं न्हाय, ती आमच्या लेकराला काय घालणार," असं एक जण विहिरीवर म्हणाली, ते दादानं मला फोनवर सांगितलं. वहिनी तरीही पट्टी घेऊन घरोघर जात राहिली. मी फोनवर "वाईट झालं" म्हणालो.

ती वही दवाखान्यात जमा झाली. कुठल्यातरी तक्त्यात माझी आई, ज्यांची खाण्याची इच्छा गेली, अशा रुग्णांत मोजली गेली असेल. मी निवृत्त झाल्यावर त्या दवाखान्याला पत्र लिहिलं. जुनी कागदपत्रं आता उरलेली नाहीत, असं नम्र उत्तर आलं.

या हिवाळ्यात मी आलो, आणि आधी सुप्याला गेलो. अक्काला सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग परत सुपात टाकली.

"आन् हे तू आत्ता सांगतुयास? माझं दात गेलं, तिचं केस पांढरं झालं, आन् आत्ता? दादा गेला तवा बी मी दारातनंच रडून माघारी आले रं."

"मी गप्प बसलो, अक्का."

"तू साहेब. तुझं गप बसणं बी लोकांला शहाणपण वाटतंय."

ती अजून वहिनीकडं गेलेली नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणते.

मग मी घरी आलो. इथवरचं सगळं वहिनीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "येवढं लिवलं, आन् एक ऱ्हायलंच. तुमाला ठावंच न्हाय ते. तुमी यायच्या आदल्या आठवड्यात मी दिली हुती काकवी. एक चमचा. तुमचा फोन झाला, आन् मी उठले, डबा काढला. म्हणलं, भाऊजी तिकडं लांब हायती, त्यांना काय दिसतंय."

"आई काय म्हणाली?"

"काय म्हणत्यात! चमचा सोडंनात." ती हसली. मग हात थांबले. "पन नंतर लई भ्याले. त्या चमच्यानंच काय झालं का काय, आसं वाटायचं. म्हणून तर अक्कांला कवा उलटून बोलले न्हाय."

अठरा वर्षं. मी म्हणालो, "वहिनी, त्या चमच्यानं काहीही झालं नाही. नक्की सांगतो."

तिनं माझ्याकडं बघितलं, दहाव्याला बघितलं होतं तसंच. "तवा बी तुमी नक्कीच म्हणला हुता," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

इतकी वर्षं परदेशात घर म्हणजे काय, यावर मी बरंच बोललो, मंडळांच्या कार्यक्रमांत भाषणंही केली. आता एवढंच समजतं की आपला शब्द जिथं कुणीतरी मोडू शकतं ते घर. मी इथं राहिलो असतो, तर वहिनीनं मला दोन शब्द सुनावून आईला खीर भरवली असती. मी लांब होतो, म्हणून माझा शब्द सगळ्यांनी पाळला. तो एकदाच मोडला गेला.

त्या वहीतल्या ओळी आता बदलता येत नाहीत. राहिलेली नोंद इथं करतो. काकवी, एक चमचा. मागून घेतली.