ताईचा हुकलेला नंबर

निवृत्त झाल्यापासून ड्रायव्हरदादाला खुर्ची सोसत नव्हती. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. पेपर उघडायचा, मिटायचा, गॅलरीत जायचा, पुन्हा आत यायचा. बायको म्हणायची, "अहो, जरा एका जागी बसा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय."

त्यात मोठ्या बहिणीच्या पायाने जिवाला घोर लावला.

ताई मागच्या गल्लीत एकटी राहायची. शिवणकाम करून तिने ह्याला लहानाचा मोठा केला होता. एक दिवस त्याने पाहिलं, तिने उजवी चप्पल पुढून कात्रीने कापली होती आणि अंगठ्याला चिंधी बांधली होती.

"हे काय गं?"

"चप्पल चावली. होईल बरं."

"शुगरच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते की," म्हणत ती चहा टाकायला उठली. दादाने कपाटावरचा डबा उघडला. आत नुसती रिकामी पाकिटं होती, तीही जुनी.

घरी येताना त्याच्या डोक्यात चक्रं फिरत होती. पूर्वी सरकारी दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. आता तो मोठ्या रस्त्यापलीकडे नव्या इमारतीत गेला होता. मध्ये एकदा बस बदलायची, शिवाय रस्ता ओलांडायला तो पादचारी पूल चढायचा. या वयात गोळ्या आणायला तिथवर कोण जाणार? गुन्हेगार सापडल्यासारखं त्याला हायसं वाटलं.

ओळखीच्या एका शाळेच्या व्हॅनवाल्याला त्याने गाठलं. पोरांना शाळेत सोडल्यावर दुपारपर्यंत व्हॅन रिकामीच असायची. "घेऊन जा," तो म्हणाला, "पण तुझ्या बससारखी पळवू नकोस."

दादाने घरोघरी फिरून म्हाताऱ्यांना गोळा केलं. ताई येईना. आज कपडे धुवायचेत, आज डोकं दुखतंय. शेवटी तो तिच्या दारात ठाण मांडून बसला, तेव्हा नाइलाजाने निघाली. सगळ्यांना दवाखान्यात सोडून तो बाहेर येरझारा घालत राहिला. आतला गर्दीचा हॉल आणि औषधांचा वास त्याला नको वाटायचा. परतताना त्याने विचारलं, "दाखवलंस?"

"दाखवलं," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढच्या खेपेलाही तेच. पण अंगठा काळा पडत चालला होता, आणि आता खोलीत शिरलं की वास येई. दादाची झोप उडाली. तिसऱ्या खेपेला तो तडक आत गेला आणि नर्सबाईंना म्हणाला, "माझ्या बहिणीला कसली औषधं देता तुम्ही? काडीचा फरक नाही."

नर्सबाईंनी ताईचं नाव विचारलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, त्या आत आल्याच नाहीत. दोन्ही वेळा पुकारा केला. उठलंच नाही कोणी."

दादा वळला. ताई कोपऱ्यातल्या बाकावर पदराशी चाळा करत बसली होती. तो मागून तिच्याजवळ गेला आणि दवाखाना म्हणून हळू आवाजात म्हणाला, "ताई."

ती हलली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. शेजारच्या बाईने मान वळवली, ताईने नाही.

इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची त्याची जन्माची सवय. घरातही तो ओरडूनच बोले. म्हणून त्याचं बोलणं ताईला ऐकू जात होतं आणि त्याला कधी शंकाच आली नव्हती.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "कधीपासून?"

ती म्हणाली, "मागे एकदा एकटी आले होते. नंबर गेला, मला कळलंच नाही. नंबर देणाऱ्या खिडकीतली मुलगी ओरडली, म्हातारे, बहिरी आहेस का? सगळा हॉल बघायला लागला." तिने डोळे पुसले. "मला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे रे. गावभर दवंडी कशाला?"

ऐकत उभ्या राहिलेल्या नर्सबाईंनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघून लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. "थोडं आधी आणायला हवं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य दादाच्या मनातून कित्येक दिवस गेलं नाही.

नर्सबाई आता हॉलमध्ये येऊन म्हाताऱ्या माणसांच्या समोर उभ्या राहून बोलावतात. कधी गर्दीत विसरतातही, मग ताई स्वतःच उठून विचारते, "माझा नंबर झाला का हो? मला ऐकायला कमी येतं." पहिल्यांदा हे म्हणताना तिचे कान लाल झाले होते.

व्हॅन चालूच आहे. पण नुसतं नेऊन सोडल्याने भागत नाही, हे दादाला कळून चुकलंय. एका आजोबांना लिफ्टची धास्ती, एका आजींना पुरुष डॉक्टरांपुढे बोलायची लाज. कोण काय लपवतंय, या विचाराने त्याचा जीव सारखा वरखाली होतो.

परवा गाडी भरली तरी वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले नाहीत. "आज येत नाही म्हणाले," कोणीतरी सांगितलं.

"का?"

"ते नाही सांगितलं."

दादाने इंजिन बंद केलं. "बसा हं, आलोच," म्हणाला आणि जिना चढू लागला.