पाटलांचा काढा आणि थायरॉइडच्या पेशी

"रिपोर्ट पाटलांच्या हातात पडलाय. आता मागे घेता येणार नाही," डायरेक्टर सर म्हणाले. मी नवीन टेस्टचे आकडे घेऊन त्यांच्या केबिनमध्ये उभी होते.

कोल्हापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये मी पेशी वाढवते. कोडोलीच्या पाटलांनी एका मुळीचा काढा तपासायला दिला होता. त्यांच्या बायकोची थायरॉइड ग्रंथी कमी काम करायची, तिच्यासाठीच त्यांनी तो बनवला होता. काढा घातला की थायरॉइडच्या पेशी जास्त आयोडीन ओढत. आयोडीन हा या ग्रंथीचा कच्चा माल. त्यामुळे सगळे खूश, आणि तसा रिपोर्टही गेला.

मला मात्र खटकत होतं. त्याच पेशी सूज आणणारी रसायनंही सोडत होत्या. थायरॉइडच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे दारावरचे पहारेकरी म्हणा. बॅक्टेरिया मेला तरी त्याच्या भिंतीचे तुकडे उरतात. ते एन्डोटॉक्सिन. साध्या उकळण्यानं ते जात नाही. पहारेकऱ्याला तेवढा तुकडा पुरतो. पेशी खवळते, आणि त्या भरात आयोडीनही जास्त ओढते.

एन्डोटॉक्सिन पकडून ठेवणारं औषध मी काढ्यात मिसळलं. परिणाम गायब. मग पाटील ज्या टाकीच्या पाण्यात काढा करत, ते नुसतं पाणी मागवून, उकळून पेशींवर घातलं. परिणाम हजर.

"सर, यात मुळीचा काही संबंध नाही."

"आयोडीन वाढलं ना? रिपोर्टमध्ये तेवढंच लिहिलंय. खोटं काय आहे त्यात?"

मी बाहेर येऊन पाटलांना फोन लावला. "वहिनींची थायरॉइडची गोळी चालू आहे ना?"

"ती कवाच बंद केली की! तुमचाच रिपोर्ट हाय न्हवं, मॅडम?"

मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते वहिनींना दवाखान्यात घेऊन आले. मीही गेले. वहिनींचं तोंड सुजलेलं, आवाज घोगरा. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. पाटील औषधं आणायला गेले तशा वहिनी म्हणाल्या, "काढ्यानं काय बी फरक न्हवता. ह्यास्नी वाईट वाटू नये म्हणून बरं वाटतंय म्हणत हुते."

त्या हळूहळू सावरल्या. पाटलांनी काढा बंद केला.

"क्लायंटशी परस्पर बोलायचं नसतं," म्हणत सरांनी मला पेशींच्या कामावरून काढलं. तोच रिपोर्ट त्यांनी इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला दाखवला. आता त्या मुळीच्या कॅप्सूल मिळतात.

धडा एवढाच: काढ्याआधी पाणी तपासावं. रिपोर्ट गेल्यावर तपासलं, तर खरं काय ते आपल्याला कळतं, कॅप्सूल घेणाऱ्याला नाही.