बराकीसमोरच्या तीन आकृत्या

माझा चुलतभाऊ आणि मी आखातात दुखानला तेल कंपनीच्या बराकीत एका खोलीत राहायचो. तो वेल्डर, मी ऑफिसात टायपिस्ट. वयानं मोठा म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. आमचं गाव रत्नागिरीकडचं, दारात उभं राहिलं की समोर डोंगर. इथं बराकींची रांग संपली की पांढरट सपाट जमीन आणि पार टोकाला समुद्राची रेघ.

"इथं नजर कुठं अडतच नाही रे," भाई म्हणायचा.

एका हिवाळ्यात फोरमनला विचारून त्यानं भंगारातल्या लोखंडी प्लेटा, पाइप जोडायला घेतले. बराकीसमोर आमच्या दाराएवढा पोकळ चौकोन उभा केला. लांबवर एक तिरका त्रिकोण, त्याहून पुढं नुसता खांब. लोक हसले. मीही विचारलं, "भाई, हे काय?"

"दारातनं बघ."

चौकोनात त्रिकोण, त्याच्या कडेला खांब, खांबाच्या पायाशी समुद्र. ते रान केवढं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमची बराकसुद्धा कुणी विचार करून बांधल्यासारखी वाटली.

पुढं त्याच जागेवर गोडाऊन बांधायचं ठरलं. मी धावत आमच्या ऑफिसातल्या साहेबाकडे गेलो. साहेब भला माणूस. म्हणाला, "फेकायचं नाही, ऑफिसर लोकांच्या क्लबसमोर लावू." मी आनंदानं भाईला सांगितलं.

"तिथं कुंपण, मागं भिंत," तो म्हणाला. "तिथं त्यांचं काय काम?"

"नाहीतर भंगारात जातील."

"जाऊ देत."

पण हुकूम निघाला होता. बुंध्याशी कापायलाही वेल्डर म्हणून त्यालाच बोलावलं. त्यानं कापलं. क्लबसमोर तिन्ही आकृत्या एका ओळीत, खेटून लावल्या आणि हिरव्या रंगवल्या.

"छान दिसतात ना?" साहेबानं विचारलं.

"यस सर," मी म्हणालो. भाई शेजारीच उभा होता. साहेबानं त्याचा फोटो काढला, त्यानं काढू दिला.

नंतर त्यानं पुन्हा काही जोडावं म्हणून मी भंगाराच्या यार्डातून छोट्या प्लेटा मागून आणल्या. त्या खाटेखाली तशाच गंजल्या. संध्याकाळी चहा करून द्यायचो. तो प्यायचा, कप धुऊन ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.