देवधर आणि देवधरसान

चाळीसगावला उतरून धुळ्याच्या गाडीत बसलो, तोच मोरीतांनी पहिला घोळ घातला. पाणी द्यायला आलेल्या म्हाताऱ्याला सारे 'आबा' म्हणत होते, तर यांनी कमरेत वाकून त्याला 'आबासान' म्हटले. ('सान' म्हणजे आपला 'राव' किंवा 'जी'. तो दुसऱ्याच्या नावाला लावायचा, स्वतःच्या कधीच नाही.) डब्यातले दोन वकील पगड्या सावरून हसले.

मोरीता हे मुंबईतल्या एका जपानी पेढीचे कापूस-खरेदीदार. मी जपानात कोबेला तीन वर्षे कारकुनी केलेली, म्हणून आठ दिवसांपुरता त्यांचा दुभाष्या. काम पसंत पडले तर कायमची नोकरी, असे ठरले होते. दीड वर्ष घरी बसलेल्या माणसाला आठ दिवस केवढे वाटतात, हे पुण्यात पेन्शन खाणाऱ्या वाचकांना समजायचे नाही.

धुळ्यात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकांकडे उतरलो. त्यांचे नाव देत नाही. नावाआधी 'रावसाहेब' छापायचे राहून गेले, तर गृहस्थ फिर्याद करतील! सरकारने दिलेली ही पदवी गेल्या वर्षीची. ती दारावरच्या पाटीवर होती, पानाच्या डब्यावर होती आणि बैलांच्या झुलींवरही भरतकामात होती. त्यातल्या त्यात बैलांना ती शोभत होती.

जेवायला वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची). भरीत फर्मास, पण मिरचीने मोरीतांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. रावसाहेबांनी विचारले, "मुंबईचे तुमचे मोठे साहेब कसे आहेत?"

मोरीता डोळे पुसत म्हणाले, "हायाशी बरा आहे." मीही तसेच भाषांतर केले.

"आपल्या साहेबाला एकेरी?" रावसाहेबांचा घास हातातच राहिला.

"रावसाहेब, जपानी माणूस परक्यांपुढे घरच्यांचा मान मिरवत नाही. पेढी म्हणजे त्यांचे घर. तिथे साहेबसुद्धा नुसत्या नावाचा."

"म्हणजे रीतभात नाही म्हणा की!"

मी मनातल्या मनात त्यांची कीव केली. अशा माणसाला काय डोंबल समजणार!

दुपारी जिनात एक अक्का कापसातला कचरा वेचत होत्या. मोरीता त्यांना 'अक्कासान' म्हणाले.

"भाऊ, हाऊ माले काय म्हनस?" अक्कांनी मोरीतांकडे बोट करून मला विचारले.

"मान देतात ते."

"मान? मंग रावसाहेबले काय म्हनस?"

"त्यांनाही सानच."

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मागे उभे असलेले रावसाहेब मात्र तडक कचेरीत निघून गेले.

सहाव्या दिवशी जळगावला गेलो. रावसाहेब बरोबर होतेच. एका मारवाडी शेठजींच्या गादीवर पाच-सहा व्यापारी बसले होते. मोरीतांनी माझ्याकडे हात करून ओळख करून दिली. "देवधर." बस्स, एवढेच. पाच दिवस मी देवधरसान होतो.

"काय हो देवधर, तुमचा सान वाटेत सांडला की काय?" रावसाहेब म्हणाले. सारी गादी हसली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मी जपानीत मोरीतांना सुनावले, "मला देवधरसान म्हणायचे. मी तुमचा घरगडी नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग वाकून म्हणाले, "चुकलो, देवधरसान." मी लोडाला टेकून ऐटीत बसलो.

परतीच्या गाडीत चाळीसगाव मागे पडले आणि रावसाहेबांना दिलेले माझेच व्याख्यान मला आठवले. गादीवरचे व्यापारी मोरीतांना परके होते. मी नव्हतो. नुसत्या नावाने त्यांनी मला पेढीत घेतले होते, आणि मी स्वतःच्या हाताने दार लावून बाहेर उभा राहिलो होतो. लाज वाटली, रडूही आले. "मोरीतासान, माझे चुकले," मी म्हणालो. त्यांनी अतिशय अदबीने मला संत्रे सोलून दिले.

बोरीबंदरला त्यांनी निरोप घेतला तो चाळीसगावच्या आबांपुढे वाकले होते त्याहूनही खाली वाकून. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या घरी त्यांचे पत्र आले. वर 'देवधरसामा' (हा सानहून मोठा मान), आणि खाली, पेढीत जागा नाही.

रावसाहेबांना पदवीसाठी कलेक्टर कचेरीत किती खेटे घालावे लागले, कोण जाणे. मला माझी एका वाक्यात मिळाली. ती लावून मी पुन्हा घरी बसलो आहे.