खरं वाटलं का?

पीएचडीसाठी मी एक आभासी घर तयार केलं होतं. हेडसेट डोळ्यांवर चढवला की त्यात हिंडता यायचं. ते माणसांना कितपत खरं वाटतं, हा माझा अभ्यास. मला नव्यानंच मिळालेल्या मार्गदर्शक बाई लोणावळ्याला आल्या, तेव्हा त्यांना घेऊन जवळच्याच औंढे गावात गेले.

तिथल्या ओळखीच्या मावशींना मी अंगणात उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. त्या चार पावलं पुढं गेल्या, इकडंतिकडं वळल्या. हेडसेट काढल्यावर मी विचारलं, "मावशी, खरं वाटलं का?"

"छ्या! समदं खोटं हाय. निस्तं चित्र."

मी वैतागले. एवढी मरमर करून हेच ऐकायचं होतं! बाई मात्र मावशींच्या पायांकडे टक लावून बघत होत्या.

"यांच्या चपला कुठं गेल्या?"

मी मागं वळून पाहिलं. आभासी घराचा उंबरा जिथं लागत होता, नेमक्या तिथंच, मोकळ्या अंगणात, चपला काढून ठेवलेल्या होत्या.

"आणि तू कुठं काढतेस गं?" बाईंनी सहज विचारलं.

मी माझ्या पायांकडे पाहिलं. घर मीच बांधलं होतं, आणि रोज चपला घालूनच आत शिरत होते.