नाचणाऱ्या घोडीवरचा कॅप्टन

नवल गुरुजींनी रुमाल हलवला, दोधूनं ढोलावर टिपरी मारली, आणि फौजेतला नावाजलेला घोडेस्वार कॅप्टन रतिलाल चुनीलाल पाटील ब्राह्मणपुरीच्या चावडीसमोर घोडीच्या शेपटीकडून खाली आला. तोही एकदम नाही. आधी केळीच्या खांबांच्या कमानीवर, मग कमानीसकट जमिनीवर. गळ्यातला हार जिथल्या तिथे राहिला. हाराखालचं हाड मात्र मोडलं.

साल १९६६. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरलेली होती, आणि सत्काराची सगळी कल्पना गुरुजींची होती. घोड्यावर नाव कमावलेल्या मुलानं गावात पायी यायचं म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी जत्रेतल्या घोडेव्यापारी जालमसिंगची पांढरी घोडी मागून आणली. घोडी नाचणारी. ढोल वाजला की मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, एवढं एकच शिक्षण तिचं झालेलं, पण ते पक्कं. जालमसिंगनं लगाम हाती देताना बजावलं होतं, "गुरुजी, वर माणूस बसना का ढोल वाजू देऊ नका. वाजाडनाच व्हई तं त्याले आगोदर सांगा."

गुरुजींनी मान डोलावली. नंतर ते विसरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण ते विसरले नव्हते. चावडीपाशी मामलेदार नुकतेच खुर्चीवर टेकले होते, गर्दी गप्प होती, आणि गुरुजींना वाटलं, एवढा मोठा घोडेस्वार, त्याला आपण घोडीचं काय सांगायचं? रुमाल तर हातात होताच.

रतिलालवर गुरुजींचा पहिल्यापासून हक्क. पंचावन्न साली वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा फॉर्म त्यांनीच भरला. 'खेळ' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'आट्यापाट्या' लिहिलं. मुलाखतीत साहेबानं विचारलं, घोड्यावर बसता येतं का? रतिलाल म्हणाला, बैलावर येतं. साहेब हसला, पण त्यानं घेतला. बापाच्या केळीच्या मळ्यात वाढलेल्या या पोरानं तोवर घोडा पाहिला होता तो जत्रेत, तोही लांबून. पहिल्या सहामाहीत तो अकरा वेळा पडला. प्रत्येक पडण्याचं पत्र घरी यायचं. आई जसोदाबाई ते गुरुजींकडे वाचायला आणायची, आणि गुरुजी वर्गात पुन्हा वाचून दाखवायचे. बाराव्या पत्रात पडणं नव्हतं. त्याच्या तुकडीतला एक जण पुढे हॉकीत चमकला, एक मुष्टियुद्धात. रतिलाल कुंपणं, खंदक, पाण्याच्या चऱ्या घोडा उडवून पार करू लागला, आणि दोन वर्षं ओळीनं फौजेच्या स्पर्धेत पहिला आला. जानेवारीत परदेशी जाणारा संघ दिल्लीत निवडायचा होता. त्याचं नाव यादीत होतं.

असा माणूस वरातीच्या घोडीवरून पडला.

फौजेच्या घोड्याला टाच लावली की तो पुढे जातो. ढोलावर उभ्या राहिलेल्या या घोडीला रतिलालनं टाच लावली, तशी ती आणखी वर गेली. पुढे वाकून अयाळ धरायची असते हे जत्रेतल्या कुणालाही ठाऊक, पण प्रबोधिनीत ते शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पारावर रेवजीनं निकाल देऊन टाकला, "सरकारना घोडावर बठस, आनि वरातनी घोडीवर टिकना नही." लोक पोट धरून हसले. गुरुजीही तिथेच होते. कुणीतरी त्यांना विचारलं, "गुरुजी, कसं काय झायं हो?" गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "जनावर ते. बिचकलं."

त्या तीन शब्दांनी गुरुजींची झोप उडवली. तिकडे जत्रेत घोडी बिचकते अशी बोंब झाली आणि गिऱ्हाइकं जालमसिंगच्या दावणीपाशी थांबेनाशी झाली. इकडे ज्याच्या पत्रांवर गुरुजींनी वर्ग रंगवले, तो गावाच्या चेष्टेचा विषय झाला. गुरुजी शाळेला जाताना चुनीलालची गल्ली टाळून उकिरड्याच्या बाजूनं जाऊ लागले. त्या वाटेनं जाताना धोतर वर धरावं लागायचं, आणि ही शिक्षा आपल्याला कमीच आहे असं त्यांना वाटायचं.

आठवड्यानं जसोदाबाईच शाळेच्या दारात उभी राहिली. हातात केळ्यांचा घड. "गुरुजी, तुमनं लोके ऐकतंस. तुमी तरी त्यास्ले सांगा, मन्हा पोऱ्याले घोडावर बसता येस." गुरुजींनी घड घेतला. तो इतका जड लागला की त्यांनी लगेच खाली ठेवला. मग उचलून तसाच तिच्या घरी परत घेऊन निघाले, गल्लीतून, सरळ.

रतिलाल ओट्यावर बसला होता, डावा हात झोळीत. "या गुरुजी," तो म्हणाला. "दिल्लीचं पत्र आलं. नाव कमी केलं."

गुरुजी पायरीवरच थांबले. घड त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवला. ते म्हणाले, जालमसिंगनं सांगितलं होतं. मला आठवतही होतं. मामलेदार बघत होते म्हणून रुमाल मीच हलवला. पारावर विचारलं तेव्हा मी घोडीवर ढकललं.

एवढं बोलून झाल्यावर त्यांना थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. गावी आल्यापासून आतापर्यंत रतिलाल गुरुजींशी शाळेतल्यासारखं शुद्धच बोलत होता.

"हाई माले नका सांगू, गुरुजी, पारवर जाईसन गावले सांगा."