जिन्यावरचा बाण

शाळेतल्या सगळ्या पोरांची ती मावशी. शिक्षकांचीही मावशीच. घंटा द्यायला मिनिटभर उशीर झाला की मोठ्या बाईंचीसुद्धा "अहो मावशी", फक्त जरा वरच्या पट्टीतली. एकवीस वर्षं तिनं या शाळेत झाडलं, पुसलं, घंटा दिली. नगरपालिकेची निवडणूक आली की वर्गांची मतदान केंद्रं करून देणंही तिच्याकडेच. बाकं बाहेर, टेबलं आत, फळ्यावरचे पाढे पुसायचे, भिंतींवर बाण लावायचे. कुणी शिकवलं नव्हतं, हातच शिकला होता.

यंदा मात्र मतदानाला आठ दिवस असतानाच ती घरी पुठ्ठ्याचे बाण कापायला बसली.

"आई, एवढे बाण?" सुनेनं कमरेवर हात ठेवून विचारलं. "मतदान आहे की लढाई?"

"तेवीस आहेत."

"मोजलेत पण?"

"प्रत्येकाच्या पाठीवर नंबर टाकलाय. लावताना तेवीस, काढताना तेवीस."

"अहो, खोल्या चार! आणि ही भोकं कशाला पाडलीत?"

"दोरीनं बांधणार. खळीनं चिकटवायचे नाहीत. तू तुझा कुकर बघ, कितव्यांदा ओरडतोय."

सून हसत आत गेली. मावशीची कात्री थांबली, आणि थांबली तशी ती टकटक आली. काठीची. टोकाचं रबर झिजलेली लाकडी काठी, दगडी पायरीवर एकेकदा टेकत यावी तशी. शाळा सुटली, वऱ्हांडा रिकामा झाला की ती हटकून यायची. आधी तिला वाटलं, नळ गळतोय. नळ बदलला. मग वाटलं, खिडकी हलतेय. खिडकीत कागद कोंबला. पुढे तिनं वाटून घेणंच सोडून दिलं. आता ती टकटक घरापर्यंत यायला लागली होती.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वरून हुकूम आला, की माडीवरची खोली रद्द, म्हाताऱ्या माणसांना जिना नको, चौथं केंद्रही खालीच. मावशीनं बाकं पुन्हा उतरवली, बाण पुन्हा फिरवले. जिन्याच्या तोंडाशी लावलेला एक बाण तेवढा निघेना. ऑइलपेंटच्या भिंतीवर टेप टिकत नाही म्हणून तिनं तो गव्हाच्या खळीनं चिकटवला होता, आणि खळ अशी वाळली होती की नखं मोडली. सकाळी ओल्या फडक्यानं काढू, म्हणून ती घरी गेली. सकाळी पाणी भरायचं होतं, खुर्च्या कमी पडल्या होत्या. बाण राहून गेला.

दिवसभर कुणी फसलं नाही. रांग खाली दिसत होती, लोक रांगेमागे जात होते. चारच्या सुमाराला रांग संपली. आणि तेव्हा घड्याळवाले आजोबा आले. कोपऱ्यावरच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसणारे. शाळेचं भिंतीवरचं घड्याळही तेच दुरुस्त करायचे. बाणानं वर जा म्हटलं, ते वर गेले.

साडेपाचला दार बंद झालं, यंत्रं सील झाली, आणि मावशी झाडू घेऊन जिना चढली. सगळ्यात वरच्या पायरीवर आजोबा बसले होते. मागे कुलूपबंद खोली. हातात मतदाराची चिठ्ठी, घडी न मोडलेली.

"उघडतंय का आता?" त्यांनी विचारलं. "म्हटलं, मंडळी चहाला गेली असतील."

ती धडाधड खाली पळाली. केंद्राध्यक्ष म्हणाले, "मावशी, सील झालं हो. आता देव आला तरी नाही." ती परत आली तेव्हा आजोबा भिंतीला धरून उतरत होते. काठी टक, पाय. काठी टक, पाय. बाणापाशी ते थांबले. बाणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असू दे, पोरी," म्हणाले.

ते गेल्यावर तिनं नखांनी खरवडून तो बाण काढला आणि पदराखाली दडवला. कुणाला सांगितलं नाही. अकराव्या दिवशी आजोबा गेले. हृदय आधीच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरला ती टकटक ऐकू येत नव्हती.

यंदा मतदार चिठ्ठ्या वाटायचं काम निघालं, तेव्हा तिनं एक गल्ली मागून घेतली. घड्याळवाल्या आजींची. सांगायचंच, असं ठरवून ती दारात उभी राहिली.

"कोण? शाळेतली ना? ये, आत ये. चिठ्ठी तिथं ठेव. माझे गुडघे काही मला केंद्रापर्यंत नेत नाहीत."

"यायचं आजी. सगळं खाली आहे. रॅम्प केलाय, खुर्ची ठेवलीय. मी स्वतः न्यायला येते."

"एवढा काय गं जीव टाकतेस? निवडणुकीला तू उभी आहेस का?"

मावशीनं हसायचा प्रयत्न केला. भिंतीवर सात घड्याळं होती, सगळी बंद, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. कोपऱ्यात आजोबांची काठी टेकवलेली. तिनं तिकडे पाठ केली.

"आजी, मागच्या वेळी आजोबा..."

"मत देऊन आले," आजी पटकन म्हणाल्या. "दारातूनच ओरडले, झालं गं, दिलं. जन्मात एकदाही चुकवलं नाही त्यांनी. शेवटचं बाहेरचं काम तेच."

त्या भल्या माणसानं घरी खोटं सांगितलं होतं. कुणाला झाकायला? स्वतःला, की तिला? आता खरं सांगायचं म्हणजे मेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर खोटं पाडायचं. ती चिठ्ठी ठेवून निघून आली.

मतदानाच्या दिवशी तेवीस बाण तेवीस जागी होते. जिन्याच्या तोंडावर तिनं आडवं बाक टाकलं आणि दिवसभर त्याच्या आजूबाजूलाच घोटाळली. आजींना आणायला दोनदा गेली. दोनदा "बघू" ऐकून आली. पाच वाजायला दहा कमी असताना फाटकाशी आवाज आला.

टक.

तिनं वळून पाहिलं, तर आजी होत्या. शेजारच्या बाईचा दंड धरलेला, आणि दुसऱ्या हातात ती काठी.

"आले बाई. किती धाक घालतेस!" आजी वऱ्हांड्यात आल्या आणि आडव्या बाकाशी थांबल्या. "हे काय? वर काय आहे?"

"काही नाही. वर बंद आहे."

"मग पहारा कसला देतेस?"

हसतच विचारलं त्यांनी. पण मावशीचं पाच वर्षं दाबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. खळ, बाण, वरची पायरी, चिठ्ठी. "त्यांनी मत दिलंच नाही, आजी. माझ्यामुळे. माझ्या आळसामुळे."

शेजारीण तोंडाला पदर लावून उभी राहिली. आजींनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मला माहीत आहे, दिलं नाही ते," त्या म्हणाल्या. "बोटाला शाई नव्हती. शेवटचे अकरा दिवस तोच हात धरून बसले होते मी. पण मला एवढंच कळत नव्हतं, की दीड-दोन तास हा माणूस होता कुठे? मला सांगता येऊ नये अशा कुठल्या ठिकाणी? पाच वर्षं मी काय काय मनात आणलं, तुला काय सांगू. पायरीवर बसले होते होय! बाक सरकव."

"आजी, वेळ... साडेपाचला बंद होतं."

"सरकव म्हणते ना."

एकवीस पायऱ्या. मावशीनं त्यांना जवळजवळ उचलूनच वर नेलं. आजी सगळ्यात वर बसल्या, हातानं पायरी चाचपली. खालून यादीतले नंबर वाचल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"सगळं ऐकू येतंय की इथून. मग हाक का नाही मारली?"

मावशी जिन्यातून खाली बघत राहिली.

"मारायचेच नाहीत ते," आजीच म्हणाल्या. "ताटात मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. वाट बघत बसायचे."

त्या बसून राहिल्या. पाच वाजून दहा. सव्वापाच. मावशीला खालचं दार दिसत होतं, दारापाशी घड्याळ बघणारा शिपाई दिसत होता. पुन्हा तेच होणार, याच पायरीवर. पाच वाजून वीस मिनिटं झाली तशी ती गुडघ्यावर बसली.

"आजी, पाया पडते. उठा."

आजींनी तिच्याकडे पाहिलं, जसं आजोबांनी बाणापाशी पाहिलं होतं. मग हात पुढे केला. "ओढ. या वेळी जरा जोर लाव."

त्या दिवशीचं चौथ्या केंद्रावरचं शेवटचं मत आजींचं झालं. बाहेर आल्यावर त्यांनी शाईचं बोट वर धरून बराच वेळ न्याहाळलं. शेजारणीचा दंड धरून, सावकाश, फाटकाबाहेर गेल्या.

यंत्रं गेली, माणसं गेली. मावशीनं दोऱ्या सोडून बाण गोळा केले. तेवीस. पुन्हा मोजले, तेवीसच. तरी जिना एकदा बघून यावा म्हणून ती वर गेली. सगळ्यात वरच्या पायरीवर काठी होती, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.

विसरल्या असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पण त्यांना उतरवताना तिचेच दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणजे काठी आजींनीच टेकवून ठेवली होती, आणि आजी काठीशिवाय उतरतायत हे तेव्हा दोघींपैकी कुणीच बोललं नव्हतं.

तिनं काठी उचलली. मूठ गुळगुळीत झालेली. उतरताना ती पायरीला लागू नये म्हणून तिनं काठी छातीशी धरली. अर्ध्या जिन्यात तिचाच पाय लटपटला आणि काठी टेकवावी लागली.

टक.

ती थांबली. मग पुढची पायरी उतरली आणि काठी पुन्हा टेकवली, या वेळी मुद्दाम. खालपर्यंत तशीच गेली, आणि तशीच, काठी टेकवत, आजींच्या गल्लीकडे वळली.